कृतिसंशोधन म्हणजे आखूड केलेला प्रबंध नव्हे

कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण घेऊन, उपाय करून पाहत केलेले संशोधन. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या कृतिसंशोधनाच्या फाइली उघडाव्यात, तर बहुतेकींत एम.एड.चा लघुशोधप्रबंधच कमी पानांत बसवलेला असतो. समष्टी (ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा तो सगळा गट), न्यादर्श (त्यातून निवडलेला नमुना), शून्य परिकल्पना (‘फरक नाही’ असे धरलेले विधान), टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी संख्याशास्त्रीय कसोटी), सगळे हजर. सांगली-साताऱ्याकडच्या अध्यापक महाविद्यालयांत हा घोळ मी वर्षानुवर्षे पाहते आहे. वेगवेगळ्या भाषांची आणि समाजांची मुले एकत्र बसतात अशा वर्गावर केलेल्या कामाचे त्यात सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

प्रबंध तुम्हाला ठाऊक आहे. समष्टी ठरवायची, तिच्यातून न्यादर्श काढायचा, साधन तयार करायचे, माहिती जमवायची आणि निष्कर्ष पुन्हा समष्टीला लावायचा. संशोधन पद्धतीच्या पेपरात हे सगळे झालेले असते.

लहानसहान फरकही सोडून देऊ. कृतिसंशोधनात संबंधित साहित्याचा आढावा थोडक्यात चालतो, कालावधी शालेय आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात, मावेल इतका असतो. मर्यादा (हाताबाहेरच्या) कोणत्या आणि परिमर्यादा (संशोधकाने स्वतः आखलेल्या) कोणत्या यावर तासन्‌तास घालवणारे मार्गदर्शक आहेत. तो वेळ त्यांनी विद्यार्थ्यासोबत वर्गात मागच्या बाकावर बसून घालवावा.

अडते ते एकाच ठिकाणी. प्रबंधात प्रश्न मुलांविषयी असतो. कृतिसंशोधनात प्रश्न शिक्षकाच्या स्वतःच्या शिकवण्याविषयी असतो.

जत तालुक्यातली मराठी माध्यमाची एखादी शाळा घ्या. कर्नाटकाला लागून असलेला तालुका, कित्येक घरांत कन्नड बोलतात. समजा, तिसरीच्या वर्गात संख्या सांगून लिहून घेताना काही मुले ‘त्रेपन्न’ ऐकतात आणि ३५ लिहितात. छात्राध्यापिका (सरावासाठी आलेली बी.एड.ची विद्यार्थिनी) हे टिपते, इथवर उत्तम. मग शीर्षक येते: ‘जत तालुक्यातील कन्नड भाषिक विद्यार्थ्यांच्या संख्यालेखनातील दोषांचा अभ्यास’. कारणे: घरी मराठी बोलत नाहीत, पालक अशिक्षित, अभ्यासाची गोडी नाही. उपाय: जादा सराव. पूर्वचाचणी, पंधरा दिवसांचा सराव, उत्तरचाचणी, सरासरी वाढली, परिकल्पना स्वीकारली. फाइल पूर्ण झाली, पण ३५ का लिहिले जात होते हे कुणालाच कळले नाही.

आता तीच वही पुन्हा पाहा. कन्नडात त्रेपन्नला ‘ऐवत्तमूरु’ म्हणतात. आधी पन्नास, मग तीन. अंकांत लिहिण्याचा क्रमही तोच. मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. मूल जे ज्या क्रमाने ऐकते ते त्याच क्रमाने लिहिते आहे, आणि त्याच्या घरच्या भाषेत असे केले तर उत्तर बरोबर येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’सोबत ‘वीस दोन’ असे वाचन दिले तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. सीमाभागातली ही मुले त्याच धाटणीचे आकडे घरूनच शिकून येतात. अर्थात मराठी घरांतली मुलेही ५३ चे ३५ करतात. त्यामुळे भाषा हेच कारण असे आधीच धरून चालणार नाही, मुलांशी बोलून ते तपासावे लागेल. पण तपासायला लागलो की प्रश्नच बदलतो. मी संख्या सांगते कशी? सांगण्याची रीत बदलली तर या मुलांच्या लिहिण्यात काय फरक पडतो? हा कृतिसंशोधनाचा प्रश्न आहे.

कृतिसंशोधनाच्या फाइलीत समस्येच्या कारणांचा तक्ता असतो. त्यात दोन रकाने असतात, शिक्षकाच्या नियंत्रणातील आणि नियंत्रणाबाहेरील. दुसरा रकाना तुडुंब भरलेला आणि पहिल्यात एखादी मोघम ओळ, असेच बहुतेक वेळा दिसते. माझे मत ठाम आहे: पहिल्या रकान्यात एकही नेमके कारण लिहिता येत नसेल, तर तो विषय कृतिसंशोधनाचा नाही. पालकांची निरक्षरता तुम्ही सहा आठवड्यांत हटवणार नाही, आणि ती फाइलमध्ये लिहून कुणाचे भले होत नाही. उलट, मुलाचे घरच सदोष आहे असा शेरा भावी शिक्षकाच्या मनात पक्का होतो.

प्रश्न आपल्याकडे वळवला की बाकीचे नियम आपोआप बदलतात. प्रबंधात मध्येच साधन बदलले तर तो दोष ठरतो. कृतिसंशोधनात गरज दिसूनही कृती बदलली नाही, तर तो दोष. समजा, तुम्ही ठरवले की संख्या सांगताना दशकांच्या जुड्या आणि सुट्या काड्या दाखवायच्या आणि मुलांना ती आधी कन्नडात म्हणू द्यायची. आठवडाभराने दिसले, काड्या समोर असेपर्यंत जमते, उचलल्या की पुन्हा ३५. मग पुढच्या आठवड्यात कन्नड येणाऱ्या मुलांनीच इतरांना कन्नड आकडे शिकवावेत आणि दोन्ही भाषांतले क्रम फळ्यावर शेजारी मांडावेत. पहिली कृती का पुरली नाही, हे तुमच्या अहवालातले सर्वांत मोलाचे पान असते. तेच पान बहुतेक जण गाळतात.

नियंत्रित गट ठेवू नका. उपयोगी वाटणारी गोष्ट आपल्याच वर्गातल्या अर्ध्या मुलांना मुद्दाम द्यायची नाही, हे शिक्षकाला शोभत नाही. नऊ मुलांवर टी-चाचणीही लावू नका. त्याऐवजी वह्यांची पाने, मुलांचे बोलणे आणि त्याच दिवशी लिहिलेली दैनंदिनी द्या. शेवटच्या रात्री एका शाईत लिहिलेली दैनंदिनी लगेच ओळखू येते. आणि ‘प्रस्तुत संशोधकाने’ असे लांबून लिहिण्याऐवजी सरळ ‘मी’ लिहा.

बहुसांस्कृतिक शिक्षणाचा आणि या कामाचा संबंध जुना आहे. जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची मांडणी केली ती अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरच्या लेखात: आखणी, कृती, परिणामांचा शोध आणि पुन्हा आखणी. पुढे स्टीफन कोरी यांनी ते अमेरिकेतल्या शाळांत रुजवले, आणि शिक्षकानेच संशोधक असावे हा आग्रह इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी धरला.

कृती म्हणून ‘विविध राज्यांचा वेशभूषा दिन’ घेण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. जेम्स बँक्स यांनी अभ्यासक्रमात विविधता आणण्याच्या चार पातळ्या सांगितल्या आहेत. सण आणि थोर व्यक्ती यांची ओळख ही त्यांतली पहिली. वरच्या पातळ्यांवर विषयाची मांडणीच वेगवेगळ्या समाजांच्या नजरेतून होते आणि मुले प्रश्नांवर स्वतः काही करतात. तिसरीच्या फळ्यावर गणिताच्या तासाला आलेले कन्नड आकडे मला त्या वेशभूषेपेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटतात.

कराड, वाळवा, कडेगावकडे गाळप हंगामात बीडकडून ऊसतोड कुटुंबे येतात आणि हंगाम संपला की परततात. उत्तरचाचणीला ही मुले नसतात, म्हणून प्रबंधात ती न्यादर्शातून गळतात. तोच साचा कृतिसंशोधनाला लावला की इथूनही गळतात, आणि जिच्यासाठी काम सुरू केले ती मुलगीच अहवालात उरत नाही. ती हंगाम संपल्यावर जाणार हे पहिल्या दिवशी माहीत असते. तेव्हा दर आठवड्याचे काम त्या आठवड्यात पुरे होईल असे आखा, ती जाताना सोबत काय नेणार ते ठरवा, आणि तिची वही कुठे अडली व कुठे सुटली ते तारीखवार ठेवा. विटा-आटपाडीच्या गलाईवाल्यांची (परराज्यांत सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणाऱ्यांची) मुले परराज्यातून मधूनच वर्गात येतात, त्यांनाही हेच लागू.

अहवालात मुलांची नावे, जात, वस्ती देऊ नका. ‘क-१’, ‘क-२’ पुरे. नऊ मुलांच्या वर्गात एवढ्या तपशिलावरून गावातले कुणीही मूल ओळखते.

आणि ५३ चे ३५ कन्नड घरांतली मुले मराठी घरांतल्या मुलांपेक्षा जास्त वेळा लिहितात का, हे खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर तो एम.एड.चा चांगला विषय आहे. तिथे तालुक्यातल्या पुरेशा शाळा घ्या, दोन्ही गट घ्या, आणि टी-चाचणी अवश्य लावा.