मावशीला वाचायचंय, ॲप कुठलं टाकू?

मावशीचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अरे, ती बाई परत बिघडली." बाई म्हणजे फोनमधला मराठी आवाज. मावशीनं साताऱ्यात तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं, रिटायर झाल्यावर वाचनाचा सपाटा लावायचा बेत होता, आणि नेमका तेव्हाच मॅक्युलर डिजनरेशन सुरू झालं. म्हणजे नजरेच्या बरोबर मधोमध धुरकट डाग, कडेचं मात्र दिसतं. त्यामुळे ती घरभर फिरते, कुकर लावते, जमिनीवर पडलेली टाचणी कधीकधी आपल्याआधी तिला दिसते, पण समोरच्याचा चेहरा नि पुस्तकातली ओळ दिसत नाही.

तर एका रविवारी मी उत्साहानं तिच्या फोनवर सहा ॲप्स टाकली, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली पाच काढली. त्या पाचांचं काय चुकलं ते शोधता शोधता बरंच काही कळलं, ते लिहून ठेवतोय, कारण "अंधांसाठी चांगलं वाचायचं ॲप सांगा" असं विचारलं की लोक लगेच एक नाव फेकतात, आणि ते नाव तुमच्या माणसाला चालेलच असं अजिबात नाही.

कारण छापील मजकूर वाचता न येणं ही काही एकच गोष्ट नाहीये. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले लोक ५० लाखांच्या वर निघाले, पण त्यात डिस्लेक्सियावाली, म्हणजे डोळे ठीक पण अक्षरं नीट लागत नाहीत अशी, मुलं धरलेली नाहीत, आणि हात थरथरतात म्हणून पान उलटता येत नाही असे पार्किन्सनचे पेशंटही नाहीत. खुद्द दृष्टीतच बघा ना. मावशीसारखा मधला भाग गेला की कडेच्या नजरेनं वाचावं लागतं, आणि तिथं अक्षरं एकमेकांत घुसल्यासारखी दिसतात, म्हणून अक्षर कितीही मोठं केलं तरी वेग काही पहिल्यासारखा येत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोझा या डोळ्याच्या आजारात याच्या उलट. तिथं कडेचं जातं आणि मधला बोगदा उरतो, त्या बोगद्यात मोठ्या टायपाची दोनच अक्षरं मावतात, म्हणजे अशा माणसाला हौसेनं भलंमोठं अक्षर करून दिलंत तर त्याचं वाचन अजून अवघड होतं! मोतीबिंदू किंवा बुबुळावर फूल असेल तर पांढरी स्क्रीन डोळ्यात घुसते, काळ्यावर पांढरी अक्षरं बरी पडतात. म्हणून अक्षराचा आकार, रंग, ओळींमधलं अंतर हे सगळं वेगवेगळं बदलता येतं का ते आधी बघायचं, आणि अक्षर मोठं केल्यावर ओळ स्क्रीनच्या आत दुमडते की बाहेर पळते तेही. प्रत्येक ओळीला बोटानं उजवीकडे सरकवून परत डावीकडे यायचं असेल तर दोन पानांत माणूस फोन ठेवून देतो, मावशीनं एकाच पानात ठेवला.

आता पहिल्या दोन ॲप्सची गंमत. मी तिला एका दिवाळी अंकाची पीडीएफ उघडून दिली, प्ले दाबलं, आणि बाई बोलायला लागली, "एएम आर ग्रेटर दॅन आर..." मावशी म्हणाली, "ही काय अरबी बोलतीये का?" मी ॲपला शिव्या घातल्या, दुसरं टाकलं, तेही तेच बोललं. दोष ॲपचा नव्हताच. आपल्याकडे डीटीपीवाल्यांनी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं जे श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख वगैरे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले त्यात आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात, फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्याला "मराठी" दिसतं, मशीनला आत एएम आर दिसतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो म्हणून तिथं हा घोळ होत नाही. तुमच्या पीडीएफचं काय आहे ते तपासायला काही लागत नाही, एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, मराठीच उमटलं तर ठीक, कचरा उमटला तर जगातलं महागातलं महाग ॲप आणलंत तरी ते कचराच वाचणार. आणि ओळ सिलेक्टच होत नसेल तर तो नुसता पानाचा फोटो आहे, त्याला ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करावं लागेल. गुगल ड्राइव्हमध्ये टाकून डॉक्समध्ये उघडलं की मराठीचं ओसीआर बऱ्यापैकी होतं, पण ध चा घ, भ चा म, नि दोन कॉलमचं पान असेल तर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते, मग रेसिपीत मधेच राशिभविष्य येतं.

युनिकोडमध्ये पण मराठीची म्हणून काही खास दुखणी आहेतच. "ॲप" मधला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक अख्खं अक्षर म्हणून (हे युनिकोडमध्ये २००८ साली आलं) आणि दुसरा अ वर चंद्र ठेवून. दिसायला डिट्टो सारखे, पण मशीनच्या लेखी ही दोन वेगळी माणसं, त्यामुळे पुस्तकात एक तऱ्हेनं लिहिलेलं असलं आणि तुम्ही दुसऱ्या तऱ्हेनं सर्च केलंत तर सापडणार नाही. "दुसऱ्या" मधल्या त्या अर्ध्या र चं पण तेच. एखादा आवाज अशा ठिकाणी अडखळतो, दुसरा सरळ पुढे जातो.

इथून आपण आवाजाकडे येतो, आणि इथं लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वाचणारं ॲप आणि बोलणारा आवाज या बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी असतात. अँड्रॉइडवर आवाज फोनच्या सेटिंगमध्ये बसवलेला असतो आणि दहा ॲप्स तोच वापरतात, मग ॲप बदलून उच्चार कसा सुधारेल? मराठी आवाज कसा आहे हे बघायला मावशीनं स्वतः एक वाक्य काढलं, मराठीच्या बाईंना शोभेल असं: "चार गायींना चारा चार." पहिला चार म्हणजे संख्या, तो च तालव्य. चारा आणि शेवटचा चार, म्हणजे खायला घाल, हे दोन्ही च दंततालव्य, चाक नि चोर मधले. आपण बोलताना आपोआप करतो पण लिहिताना दोन्ही च सारखेच, म्हणजे मशीनला शब्द आणि संदर्भ ओळखूनच उच्चार ठरवावा लागतो. आम्ही तीन आवाजांना हे वाक्य दिलं, एकालाही पूर्ण जमलं नाही. मग तिनं "१८५७ साली डॉ. साहेब जहाजानं आले" दिलं, तर एक आवाज "एक हजार आठशे सत्तावन्न" म्हणाला, एक नीट "अठराशे सत्तावन्न". इतिहासाची पुस्तकं ऐकायची असतील तर हा फरक दर पानाला डोकं खातो, कथा-कादंबरीत एवढं जाणवत नाही.

गोड आवाजाच्या मागे मात्र सरसकट लागू नका. हे आमच्याकडे चुकलंच. मी तिला एकदम माणसासारखा वाटणारा आवाज लावून दिला, आणि ओळखीतल्या एका दादांनी, जे जन्मापासून अंध आहेत आणि बँकेत नोकरी करतात, तो ऐकून हसून बंद करायला लावला. ते स्वतः ईस्पीक नावाचा आवाज वापरतात, जो ऐकायला डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्यात रेकॉर्ड केलेला माणूस नसतोच, घसा आणि तोंडात आवाज जसा घुमतो त्याचं गणित करून तो ध्वनी तयार केलेला असतो, म्हणून तो आकारानं चिमुकला, बटण दाबताक्षणी बोलतो, नेट लागत नाही, आणि मुख्य म्हणजे वेग कितीही वाढवला तरी अक्षरं सुटी राहतात. माणसासारखे आवाज दुप्पट-तिप्पट वेगाला बऱ्याचदा गिळगिळीत होतात. दादांचा फोन बोलतो तेव्हा मला फक्त किरकिर ऐकू येते आणि ते त्यातून मेल वाचून उत्तर पण देतात! जर्मनीत ट्युबिंगेनला यावर संशोधन झालंय, आपल्यासारख्यांना सेकंदाला साधारण ८ अक्षरावयवांपर्यंत (म्हणजे सिलेबल) कळतं आणि सरावलेल्या अंध व्यक्तींना २२ पर्यंत, आणि त्यांच्या मेंदूत हे ऐकताना पाहण्याचा भागही कामाला लागलेला दिसतो. मावशीला अर्थात ती किरकिर नको होती, तिला कादंबरी ऐकायचीय, मेल नाही. म्हणून तिला शेवटी गोडच आवाज, हळू वेगात. दादांना कामाला एक नि झोपताना दुसरा. आवाज बदलता यायला हवा, एवढंच ॲपकडून मागायचं.

तिसरं आणि चौथं ॲप कशानं गेलं? बटणांनी. ॲप स्वतः पुस्तक छान वाचतं, पण टॉकबॅक, म्हणजे बोटाखाली स्क्रीनवर काय आहे ते बोलून सांगणारी अँड्रॉइडची सोय, चालू करून बोट फिरवलं की प्रत्येक बटणावर नुसतं "बटण, बटण, बटण", नावच दिलेलं नाही. म्हणजे दुकानात माल भरपूर पण दाराला कडी आतून. हे तपासायचं असेल तर टॉकबॅक चालू करा, आयफोन असेल तर व्हॉइसओव्हर, डोळे मिटा, आणि पुस्तक उघडून तिसऱ्या प्रकरणावर जाऊन दाखवा. पाच मिनिटांत नाही जमलं तर ॲप काढून टाका, रेटिंग काहीही असू दे.

तिसऱ्या प्रकरणावर का, तर पूर्वी बोलकी पुस्तकं कॅसेटवर असायची आणि २१२ व्या पानावर जायचं तर टेप पुढे-मागे करत बसायचं. अभ्यास करणाऱ्याचे त्यात तास जायचे. यावर उपाय म्हणून स्वीडनच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयातून डेझी नावाची पद्धत निघाली, १९९६ साली तिची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, आणि तिच्यात मथळ्यांचे सहा थर ठेवता येतात, म्हणजे भाग, प्रकरण, उपप्रकरण असं जिना उतरल्यासारखं खाली जाता येतं. आजचं ईपब, म्हणजे ईबुकच्या फाइलचा प्रकार, हे त्याच विचारावर चालतं. म्हणून पुस्तक मिळवताना निवड असेल तर ईपब किंवा डेझी घ्या, पीडीएफ शेवटी. पीडीएफ म्हणजे कागद कसा दिसावा याचा नकाशा, त्यात वाचायचा क्रम बऱ्याचदा सांगितलेलाच नसतो. डेझीवाले लोक एक बरं काम करतात, ठरावीक चाचणी-पुस्तकं घेऊन वेगवेगळी वाचन ॲप्स तपासतात आणि निकाल ईपबटेस्ट या साइटवर टाकतात, तिथं बघून मगच यादी बनवा. कॉम्प्युटरवर वाचायचं असेल तर थोरियम हे वाचायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एनव्हीडीए या विंडोजच्या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर छान चालतं, तोही फुकट.

आमच्या खालच्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा, त्याला डिस्लेक्सिया. त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं की खास फॉन्ट मिळतो, तळाशी जाड अक्षरांचा, तो लावा. त्या फॉन्टच्या ज्या चाचण्या झाल्यात त्यात वाचनाचा वेग वाढल्याचं काही दिसलेलं नाही, आणि तो आहे पण रोमन लिपीसाठी. अक्षरांमध्ये जास्त अंतर ठेवलं की फायदा होतो असं २०१२ च्या एका अभ्यासात इटालियन आणि फ्रेंच मुलांवर दिसलं होतं. पण आम्ही तेच मराठीवर केलं तर काय झालं? शिरोरेषा तुटली! "वाचन" चं वा, च, न असे तीन सुटे डबे झाले आणि पोरगं अजूनच वैतागलं. देवनागरीत अक्षर नाही, शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवायचं. त्याला खरा उपयोग झाला तो वाचताना बोलला जाणारा शब्द पिवळा होण्याचा, कान आणि डोळा एकाच जागी राहतो. हे काही ॲप्समध्ये इंग्रजीला चालतं आणि मराठीला अख्खा परिच्छेदच पिवळा होतो, म्हणून मराठी पानावरच बघा.

पुस्तकं आणायची कुठून हा वेगळाच विषय, पण ॲपशी जोडलेला. दुकानातून विकत घेतलेलं ईबुक साधारण त्या दुकानाच्याच ॲपमध्ये उघडतं, म्हणजे पुस्तक निवडलंत की ॲप आपोआप गळ्यात. त्याला वाट म्हणजे सुगम्य पुस्तकालय, २०१६ ला सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय, आणि अमेरिकेतून सुरू झालेलं बुकशेअर. दोन्हीकडे अपंगत्वाचा पुरावा लागतो. हे कायद्यानं शक्य झालं, २०१२ ला आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली की अशा वाचकांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला प्रकाशकाची परवानगी नको, आणि २०१४ ला अशा प्रती एका देशातून दुसऱ्यात पाठवता याव्यात म्हणून झालेल्या मराकेश कराराला मंजुरी देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. (आपण पहिले आलो अशी यादी छोटी आहे, त्यात हे घाला.) मराठी पुस्तकांची संख्या मात्र इंग्रजीच्या मानानं अगदीच तुटपुंजी वाटते. डोलफिन कंपनीचं ईझीरीडर हे वाचायचं ॲप फुकट आहे आणि बुकशेअरची पुस्तकं त्यात थेट उतरतात.

अजून एक, सगळी अंडी एका टोपलीत नको. आयफोनवर व्हॉइस ड्रीम रीडर नावाचं गाजलेलं ॲप आहे, लोकांनी एकदाच पैसे भरून घेतलेलं. मालकी बदलली, आणि २०२४ मध्ये नव्या मालकांनी जाहीर केलं की जुन्यांनाही आता सबस्क्रिप्शन लागेल. जगभरातून अंध वाचकांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. पण तोपर्यंत लोकांना घाम फुटला, कारण खुणा, नोंदी, कुठंपर्यंत वाचलं ते सगळं त्याच ॲपमध्ये. म्हणून पुस्तकांच्या फाइली वेगळ्या एका फोल्डरमध्ये ठेवायच्या.

मावशीकडे सहावं ॲप टिकलंय. त्यात बटणांना नावं आहेत, अर्ध्या तासानं आपोआप बंद होतं (नाहीतर ती झोपते आणि बाई तीन प्रकरणं पुढे जाते), आणि नेट नसताना चालतं, कारण तिच्या खोलीत रेंज येत नाही. चारा अजून चुकतोच, दर वेळी ती फोनला मोठ्यानं दुरुस्त करून सांगते. दिवाळी अंकाची ती पीडीएफ तशीच पडून आहे, ओसीआर करून द्यायचं मी कबूल केलंय आणि काल परत विचारलं तिनं, "माझं राशिभविष्य कधी देतोयस?"