पार्श्वभूमी : ग्वाल्हेरची पॉप गायिका आणि न सुधारलेले सूर

तिच्या नव्या अल्बमबद्दल ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत 'पोरगी अखेर गायला लागली' असं ऐकू येतं, तर जुन्या चाहत्यांना तिचा आवाज उतरल्यासारखा वाटतो. पहिले बोलताहेत ते सूर यंत्राने न सुधारण्याच्या निर्णयाबद्दल, दुसरे पट्टी खाली आणण्याबद्दल.

ग्वाल्हेर गायकीचा खुला आकार (मोकळ्या 'आ'ने गाणं), अष्टांग (गायकीची आठ अंगं), ती इचलकरंजीच्या बाळकृष्णबुवांबरोबर महाराष्ट्रात कशी आली, हे वाचकांना ठाऊक आहे. 2023 मध्ये शहराला संगीतनगरी म्हणून जागतिक मान्यता मिळाली तेव्हा ते सगळं पुन्हा छापूनही आलं. या गायिकेची तालीम त्याच वळणाची. आधीच्या दोन अल्बममध्ये मात्र ती ऐकू आली नाही. मुरक्या (झटकन घेतलेले स्वरांचे छोटे वळसे) होत्या, पण वरून चिकटवलेल्या.

याचं कारण स्टुडिओत सापडतं. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर 1997 मध्ये आलं. पुढच्याच वर्षी एका इंग्रजी गाण्यात त्याचा यांत्रिक परिणाम मुद्दाम वापरला गेला आणि मग त्याची लाटच आली. त्यात रीट्यून स्पीड नावाची सेटिंग असते, 0 ते 400. गाण्यासाठी सहसा 10 ते 50 ठेवतात. शून्यावर आवाज रोबोटसारखा होतो. आकडा लहान असला की दुरुस्ती झटपट होते आणि मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याच्या, पायऱ्या पडतात, कारण यंत्र वाटेतला प्रत्येक अर्धस्वर (कीबोर्डची लगतची पट्टी) पकडतं. दरबारी रागातला आंदोलित (हळू झुलणारा) अतिकोमल गंधार, म्हणजे नेहमीच्या कोमल 'ग'पेक्षाही खालचा 'ग', तर ते सरळ कीबोर्डच्या कोमल गंधारावर नेऊन बसवतं. शुद्ध गंधाराचंही तसंच. तानपुऱ्याच्या खरजातून (खालच्या 'सा'च्या तारेतून) उमटणारा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली असतो, म्हणजे सुरेल गाणारीलाच यंत्र 'सुधारतं'. आकडा वाढवला तर मींड वाचते, पण मग दुरुस्तीही फारशी होत नाही. ग्राफवर एकेक सूर हाताने हलवणं हा मधला मार्ग, आणि बहुतेक निर्माते तोच घेतात.

तिने तोही घेतला नाही. चुकलेली ओळ पुन्हा गायची, एवढंच. त्यातही खाचा आहेत. पंच (चुकलेल्या जागी नवं ध्वनिमुद्रण जोडणं) मधल्या अक्षरावर घेतला तर सांधा कळतो, म्हणून ओळीआधीच्या श्वासापासून घ्यावा लागतो. माइकपासूनचं अंतर बदललं तर तीच ओळ दुसऱ्या खोलीत गायल्यासारखी वाटते. दोन गाण्यांत सूर किंचित हलतो, हे खरं. टीकाकार त्यालाच धरून बसलेत. पण त्याच गाण्यांतल्या मींडेबद्दल कोणी बोलत नाही.

'उतरलेला' आवाज ही निव्वळ पट्टीची, म्हणजे 'सा' कुठल्या स्वरावर धरला याची, बाब. आधी पेटीची काळी 5 होती, आता पांढरी 5. म्हणजे षड्ज (सा) 233 हर्ट्झवरून 196 वर आला. गिटारवाल्याने तिसऱ्या पडद्यावरचा कापो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) काढला, बोटं तीच राहिली. आवाज खाली आल्यावर तो गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीत बुडतो. मिक्समध्ये साधारण 200 ते 400 हर्ट्झमधली वाद्यं दाबून त्याला जागा करून दिली आहे.  

खरी अडचण मंचावर येणार आहे. जुनी गाणी काळी 5 च्या ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीवर, आहेत. ट्रॅक तीन अर्धस्वर खाली ओढला की ड्रम फुसके होतात, म्हणून ते वगळून बाकीची वाद्यं उतरवतात. तबला मात्र तसाच ठेवता येत नाही, कारण तो षड्जात लावलेला असतो : काळी 5 चा षड्ज पांढरी 5 मध्ये कोमल गंधार होतो. तो नव्याने वाजवून घ्यावा लागेल.