पार्श्वभूमी : वर्गनिरीक्षणाची नोंद, शिक्षकाचं स्वयंमूल्यमापन आणि पोर्टल

शिक्षकानं आपल्या कामाचं मूल्यमापन आपणच लिहायचं ही गोष्ट, ते जिथं आता ऑनलाइन भरतात त्या पोर्टलच्या बरीच आधीची आहे. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत वर्षअखेरीला शिक्षकानं ठरलेल्या नमुन्यात स्वतःचं मूल्यमापन लिहून द्यायची तरतूद आहे, आणि मुख्याध्यापकांनी पाठ बघून लॉगबुक लिहायची पद्धतही जुनीच. पण या दोन कागदांची कधी गाठच पडली नाही. लॉगबुक मुख्याध्यापकांच्या कपाटात, स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म सीआरच्या, म्हणजे गोपनीय अहवालाच्या फाइलीत, आणि एप्रिलमध्ये फॉर्म भरणाऱ्या शिक्षकाला ऑगस्टमध्ये आपल्या पाठावर काय लिहिलं गेलं ते परत वाचायला मिळायचं नाही, तशी सोयच नव्हती. आता मूल्यमापनाची सॉफ्टवेअर आली, त्यात हे दोन्ही एका स्क्रीनवर आणता येतं, आणि तिथूनच सगळा वाद सुरू होतो, की निरीक्षणाची नोंद शिक्षकाला स्वतःकडं बघायला द्यायची की त्याला तपासायला वापरायची.

फार मागचं थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात शाळेचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरायचं, त्यामुळं दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, यायचे ते पोरांची परीक्षा घ्यायला, मास्तर शिकवतो कसं याच्याशी त्यांचं फार देणंघेणं नसायचं. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तपासणी विस्तार अधिकाऱ्यांकडं गेली, नव्वदीच्या दशकात आसपासच्या शाळांच्या गटावर केंद्रप्रमुख आले, पण शेरेबुकातला शेरा बराचसा तसाच राहिला, पाठ समाधानकारक, टाचण (पाठाची लेखी तयारी) अद्ययावत ठेवावे, खाली सही.

बी.एड.ला मात्र आपण सगळे फ्लँडर्सची पद्धत शिकलो, वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार आणि दर तीन सेकंदाला एक नोंद, म्हणजे शिक्षक किती बोलला, पोरं किती बोलली, गप्प किती वेळ गेला ते मोजायचं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि नोकरीत त्याला कुणी हात लावला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वर्गात काय घडलं आणि बघणाऱ्याला काय वाटलं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय तिथंच लागली असती.

अमेरिकेत ती सवय १९९६ च्या एका चौकटीनं बसवली. शिकवण्याच्या कामाचे चार भाग, त्यात २२ घटक, प्रत्येक घटकाला चार पातळ्या. बघणाऱ्यानं वर्गात बसून आधी फक्त घडलेलं आणि बोललेलं लिहायचं, पातळी नंतर ठरवायची. २००९ नंतर तिकडं केंद्राच्या निधीसाठी राज्यांनी शिक्षक मूल्यमापन कडक केलं आणि त्याच्या जोडीनं सॉफ्टवेअरचा बाजार वाढला. निरीक्षक टॅबवर टाइप करतो, एकेक वाक्य त्या त्या घटकाला जोडतो, आणि शिक्षक आपल्या लॉगिनमध्ये तीच वाक्यं बघून स्वतःची पातळी लिहितो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की निरीक्षणाची नोंद शिक्षकाच्या हातात कच्चा माल म्हणून येते.

आपल्याकडं हा क्रम उलटा बसला. आरटीई कायदा २०१० पासून लागू झाला आणि २०१३ ला प्राथमिक शिक्षकांसाठी पिंडिक्स हे एनसीईआरटीचं कामगिरी मोजायचं साधन आलं, सात मानकं, एक ते चार पातळ्या, पुढं ते ऑनलाइनही झालं. त्यात शिक्षकानं आधी स्वतःची पातळी ठरवायची आणि मग मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुखांनी वर्ग बघून, शिक्षकाशी आणि मुलांशी बोलून त्याची खातरजमा करायची. म्हणजे वर्गनिरीक्षण हे शिक्षकाचं खरं की खोटं ते तपासायला. मग ज्याला माहितीये की मागून कुणीतरी पडताळणार आहे तो लिहिताना हात राखून तरी लिहितो नाहीतर सरळ तीन-चार टाकून मोकळा होतो, आणि दोन्हीत त्याच्या शिकवण्याचं काही कळत नाही.

सातारा जिल्ह्यात हे जास्त खटकतं, कारण इथं वेगळं घडलेलं आपण डोळ्यांनी बघितलंय. कुमठे बीटातल्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या भागातल्या) चाळीसभर जिल्हा परिषद शाळांमध्ये ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलानं आपलं ज्ञान आपणच घडवायचं, असं काम उभं राहिलं, फरशीवर आखलेली रेखाटनं, गटात बसलेली पोरं, त्यांच्यातच खाली बसलेल्या बाई, आणि ते बघायला मराठवाडा, विदर्भ, कोकणातून शिक्षक गाड्या करून आले. २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाचा जीआर निघाला त्यावर या कामाची छाप होती. त्या भेटींत एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात तासन् तास बसायचा, वहीत लिहून घ्यायचा, फोटो काढायचा, आणि परत जाऊन आपल्या वर्गाकडं त्या नजरेनं बघायचा. कुणी कुणाला पातळी देत नव्हतं. माझ्या मते वर्गनिरीक्षणाच्या आधारानं स्वयंमूल्यमापन म्हणतात ते हेच, फक्त त्याला फॉर्म नव्हता. कुठल्याही तपासणीनं केला नसेल एवढा बदल त्या भेटींनी शाळांमध्ये केला असं मी ठामपणे म्हणेन.

मग शाळासिद्धी ही शाळांच्या स्वयंमूल्यमापनाची योजना आली. शाळेनं सात क्षेत्रांतल्या ४६ मानकांवर स्वतःला एक ते तीन पातळी द्यायची, पोर्टलवर भरायची, नंतर बाहेरचं पथक येऊन बघणार. कल्पना वाईट नव्हती, बऱ्याच शाळांनी स्टाफ मीटिंगमध्ये बसून मनापासून चर्चा केल्या, कुठं कमी आहोत ते मोकळेपणानं लिहिलंसुद्धा.

आणि २३ ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय आला. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी हवी असेल तर शाळा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रच्या निकषांनी 'प्रगत' हवी आणि शाळासिद्धीत ए श्रेणीत हवी, नववी-दहावीच्या शिक्षकांना निकालाची ८० टक्क्यांची अट वेगळी. सगळ्यात जास्त नुकसान या एका निर्णयानं केलं, आणि त्याबद्दल पुरेसं लिहिलं जात नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय. शाळासिद्धीच्या ४६ मानकांपैकी १२ मानकं साधनसुविधांची आहेत, मैदान, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, वीज वगैरे, आणि अध्ययन-अध्यापनाची ९. जावळीत किंवा पाटणच्या डोंगरात दोनशिक्षकी शाळा, मैदानाला सपाट जागाच नाही, वर्गखोलीचा प्रस्ताव पंचायत समितीत पडून आहे, आणि तिथल्या गुरुजींची वेतनश्रेणी त्या शाळेच्या श्रेणीवर. बरं, श्रेणी शाळेची आणि पगार माणसाचा, त्यातच बदल्या होत राहतात, म्हणजे ज्यानं शाळा घडवली तो गेला दुसऱ्या तालुक्यात आणि नवीन आलेल्याला तयार श्रेणी मिळाली किंवा तयार तोटा मिळाला.

निर्णयाच्या बाजूनंही बोललं गेलं, ते सांगायला पाहिजे. नुसती वर्षं भरली म्हणून वेतनश्रेणी का द्यायची, मुलांच्या शिकण्याशी तिचा काहीच संबंध नको का, असं म्हणणारे पालकांमध्ये होते आणि शिक्षकांमध्येही होते. प्रश्न रास्त आहे. पण त्याला लावलेलं माप शाळेनं स्वतःबद्दल प्रामाणिकपणे लिहावं म्हणून बनवलेलं होतं, ते पगाराला जोडल्यावर कोण कमी पातळी लिहील? ज्या रकान्यात आदल्या वर्षी एक लिहिला होता तिथं तीन लिहायचा मोह शाळेपुढं उभा राहिला आणि त्यात शिक्षकाला दोष देता येत नाही, घर चालवायचं असतं. मोर्चे निघाले, निवेदनं गेली, पुढं ती अट मागं घ्यावी लागली. पण पोर्टलवर स्वतःबद्दल खरं लिहिलं तर अंगाशी येतं ही भीती राहिली, ती कुठल्या जीआरनं रद्द होत नाही.

त्यानंतर जे आलं ते याच भीतीवर येऊन बसलं. जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स प्रकल्पात महाराष्ट्र सहा राज्यांपैकी एक होता, त्यातून टीच टूल हे वर्गनिरीक्षणाचं साधन आलं, पंधरा पंधरा मिनिटांचे दोन तुकडे बघायचे आणि वर्गातलं वातावरण, शिकवणं, मुलांची सामाजिक-भावनिक कौशल्यं यावर नोंद करायची. साधन म्हणून चांगलं आहे, शेऱ्यापेक्षा कितीतरी बरं, निदान निरीक्षकाला काय बघायचं ते तरी ठरलेलं आहे. मग शाळा गुणवत्तेचा १२८ मानकांचा आराखडा आला, प्रत्येक मानकाला पुरावा जोडायचा. ड्राइव्हच्या लिंका, पीडीएफ, फोटो. जिथं रेंज नाही तिथले शिक्षक संध्याकाळी गावात येऊन अपलोड करत बसले. फोटोत गटात बसलेली पोरं दिसतात, पण शिक्षकानं कोणता प्रश्न विचारला आणि मागच्या पोरीनं काय उत्तर दिलं हे फोटोत येत नाही, ते बघणाऱ्यानं लिहिलेल्या नोंदीत येतं, आणि ती नोंद बहुतेक वेळा शिक्षकापर्यंत पोचतच नाही.

फ्लोरिडातल्या एका जिल्ह्यात यावर अभ्यास झालेला आहे. शिक्षकांना आपल्या आवडीचे पाठ निवडून द्यायला सांगितलं तर गुण थोडे वाढले, पण कोण पुढं कोण मागं हा क्रम फारसा बदलला नाही. आणि एकाच निरीक्षकानं अजून एक पाठ बघण्यापेक्षा दुसऱ्या कुणी एक पाठ बघितला तर निष्कर्षावर भरवसा जास्त ठेवता येतो. म्हणजे पुरावा निवडायचा हक्क शिक्षकाला दिला तर आभाळ कोसळत नाही, आणि एकट्या केंद्रप्रमुखांवर सगळं टाकण्यापेक्षा शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला बोलावणं जास्त उपयोगी पडेल.

हे आत्ता लिहायचं कारण २०२० च्या राष्ट्रीय धोरणात आहे. शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं, त्यानुसार ठराविक काळानं कामगिरीचं मूल्यांकन, आणि पगारवाढ-बढती सेवाकाळावर न देता त्याच मूल्यांकनावर, असं त्यात स्पष्ट लिहिलंय, मानकांचा पहिला फेरआढावा २०३० ला. म्हणजे २०१७ चा प्रश्न परत येणार, या वेळी देशभर. त्यासाठीची सॉफ्टवेअर बनवताना निरीक्षणाची नोंद आधी शिक्षकाच्या लॉगिनला दिसावी, त्याला त्यावर आपलं म्हणणं आणि आपला पुरावा जोडता यावा, मगच पातळीचा रकाना उघडावा, आणि हे स्वयंमूल्यमापन वेतनाच्या फाइलीत जाणार नाही असं नियमातच लिहिलेलं असावं, ही मागणी संघटनांनी आणि शिक्षण परिषदांनी आत्ताच लेखी द्यायला पाहिजे.