प्रसारण राउटर : सिस्टिम कंट्रोलर आणि कॉन्फिगरेशन

दूरचित्रवाणी केंद्रात कोणता सिग्नल कुठे जाणार हे ज्या यंत्रावर ठरते ते प्रसारण राउटर. घरातल्या इंटरनेट राउटरशी त्याचे साम्य फक्त नावाचे. कॅमेरे, सर्व्हर, ओबी व्हॅनची (बाहेरच्या चित्रीकरणाच्या गाडीची) फीड हे सोर्स. मॉनिटर, रेकॉर्डर, प्रक्षेपणाची लाइन ही डेस्टिनेशन. एक सोर्स हव्या तितक्या ठिकाणी देता येतो, पण एका डेस्टिनेशनवर एका वेळी एकच सोर्स येतो. १२८ बाय १२८ च्या राउटरमध्ये सोर्स आणि डेस्टिनेशन जोडणारे १६,३८४ बिंदू, म्हणजे क्रॉसपॉइंट, असतात.

क्रॉसपॉइंट कार्डाला फक्त आकडे कळतात : १७ नंबरचा इनपुट ४२ नंबरच्या आउटपुटला. एमसीआरमधला (मुख्य नियंत्रण कक्षातला) ऑपरेटर मात्र आधी डेस्टिनेशनचे बटण दाबतो, मग ‘गिरगाव १’ निवडतो आणि ‘टेक’ मारतो, म्हणजे बदलाचा हुकूम देतो. नावाचा आकडा करणे हे सिस्टिम कंट्रोलरचे काम. त्यासाठी लागणारी सगळी माहिती कॉन्फिगरेशनमध्ये असते : नावे, व्हिडिओ आणि ऑडिओचे वेगवेगळे लेव्हल (थर), कोणत्या पॅनेलला (बटणांच्या फळीला) कुठवर हात घालता येईल, कोणते आउटपुट लॉक, एका बटणावर अनेक टेक मारणारे साल्वो.

नावांच्या बाबतीत सर्वांत जास्त हयगय होते. अनंत चतुर्दशीला गिरगाव, जुहू, दादर अशा चौपाट्यांवरून फीड येतात आणि घाईत इनपुटलाच चौपाटीचे नाव दिले जाते. विसर्जन आटोपते, नाव तसेच राहते; पुढच्या आठवड्यात त्याच वायरवर दुसरीच ओबी असते. इनपुटचे मूळ नाव कायम ठेवून कार्यक्रमापुरते टोपणनाव द्यावे आणि काम संपल्यावर ते पुसावे, हीच पद्धत बरी.

टेक मारल्यावर बदल केव्हा व्हावा, यालाही नियम आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते ६२५ ओळींच्या चित्राने. त्या पद्धतीत पहिल्या फील्डमधला (एका चित्राच्या दोन अर्ध्यांपैकी पहिल्यातला) बदल सहाव्या ओळीवर होतो, १०८० ओळींच्या एचडीत सातव्या. दोन्ही ओळी पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून जोड लपतो. राउटरला रेफरन्स (सगळ्या यंत्रांना एका तालात ठेवणारा सिग्नल) मिळाला नाही किंवा तो चुकीच्या फॉरमॅटचा असला, तर प्रेक्षकाला चित्र उडी मारताना दिसते.

महत्त्वाच्या केंद्रात कंट्रोलर दोन असतात, एक कामावर आणि एक राखीव. कंट्रोलर बंद पडला तरी क्रॉसपॉइंट सहसा होते तसेच राहतात. चित्र चालू असते, म्हणून बिघाड कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढचा टेक लागत नाही तेव्हा धावपळ होते. त्याहून वाईट म्हणजे राखीव कंट्रोलरमध्ये महिन्यापूर्वीचे कॉन्फिगरेशन असणे. ताबा त्याच्याकडे गेला की पॅनेलवर जुनी नावे उगवतात आणि बटणाखाली भलताच सोर्स निघतो. म्हणून प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर तारीख घालून बॅकअप घ्यावा, त्याची एक प्रत कंट्रोलरच्या बाहेर ठेवावी आणि रात्रीच्या पाळीत ताबा मुद्दाम राखीवकडे देऊन पाहावा. न तपासलेल्या राखीव यंत्रावर भरवसा ठेवू नये.

२०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या एसएमपीटीई (चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांची संस्था) २११० मानकांनुसार हेच सिग्नल आयपी नेटवर्कवरून जातात. तिथे क्रॉसपॉइंट कार्ड नसते. टेक मारला की रिसीव्हर दुसऱ्या मल्टिकास्ट पत्त्यावरचा (एकाच वेळी अनेकांना घेता येणारा) प्रवाह घेऊ लागतो. ब्लॅक बर्स्ट या जुन्या रेफरन्स सिग्नलची जागा पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून जुळवलेले घड्याळ, घेते. कॉन्फिगरेशनमध्ये आता पत्त्यांचे तक्तेही येतात, आणि दोन उपकरणांना चुकून एकच मल्टिकास्ट पत्ता दिला गेला तर वायर तपासून काहीही सापडत नाही, तक्ताच उघडावा लागतो.