पोलिसांपुढे कबुली दिली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

‘त्यानं स्वतःच कबूल केलंय, आता काय उरलं?’ नाशिकमध्ये एखादी अटक गाजली की पंचवटीपासून सिडकोपर्यंत हेच ऐकू येतं. ते चुकीचं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हा नियम नवा नाही, १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यातही होता. कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी थेट निगडित तेवढंच विधान पुराव्यात येतं. पूर्ण कबुली हवी तर ती दंडाधिकाऱ्यांसमोर, स्वेच्छेनं.

‘निर्दोष माणूस कशाला कबूल करेल?’ हा गैरसमज तर अधिक घातक. मार, अपुरी झोप, घरच्यांना उचलण्याची धमकी, ‘सही कर, सोडतो’ हे आमिष; यापुढे भलेभले कोसळतात. आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव आठवा. सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर अटक झालेल्यांच्या कबुल्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली नोंदवल्या गेल्या. (मोक्का हा मोठा अपवाद, त्यात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते.) त्या बळजबरीनं घेतल्या, असं आरोपींनी सांगितलं. पुढे एनआयए या केंद्रीय तपास यंत्रणेनं वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र दाखल केलं आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं आधीच्या आरोपींना दोषमुक्त केलं. तोवर त्यांची कित्येक वर्षं तुरुंगात गेली होती.

घरातल्या कुणाला अटक झाली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.