‘चक्कर आली’ एवढ्यावर निदान होत नाही

तासगावकडच्या द्राक्षबागांत घडांची विरळणी तासन्‌तास मान वर करून चालते. मध्येच कुणीतरी मांडवाची तार घट्ट धरतं आणि म्हणतं, ‘चक्कर आली.’ उकिडवं बसून भांगलण करणारी बाई झटकन उठते, डोळ्यांपुढं अंधारी येते, तीही हेच म्हणते. शब्द एक, आजार मात्र दोन.

मान वर केल्यावर किंवा अंथरुणात कूस बदलल्यावर सगळं गरगर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तेव्हा दोष बहुधा आतल्या कानात असतो. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. डोकं थांबलं तरी खडे नलिकेतला द्रव ढकलत राहतात आणि मेंदूला वाटतं, आपण अजून फिरतोय. गोळ्यांनी खडे हलत नाहीत. त्यासाठी एप्ली पद्धत आहे: डोकं बिघडलेल्या कानाकडं ४५ अंश वळवून रुग्णाला उताणं झोपवायचं, मान किंचित खाली लोंबती ठेवायची, मग डोकं ९० अंश दुसरीकडं, पुढं अंगासकट आणखी ९० अंश, शेवटी उठवून बसवायचं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा ते एक मिनिट थांबायचं. कोणता कान बिघडलाय हे आधी डॉक्टरांनी तपासायला हवं; बाजू चुकली तर गुण येत नाही.

अंधारीचं कारण रक्तदाब. उभं राहताच अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडं आणि पायांकडं उतरतं. रक्तवाहिन्या लगेच आवळल्या नाहीत तर मेंदूला रक्त कमी पडतं. उन्हात घाम गेलेला, जुलाब, रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, यांनी हे वाढतं. खुर्चीत बसवून एकदाच दाब मोजला तर हे हुकतं. पाच मिनिटं झोपवून मोजावा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला की कारण हाती लागलं.

भोवळ येऊन कुणी पडलं तर चार जण धरून बसवतात, नाकाला कांदा लावतात. बसवू नका! श्वास चालू असेल तर आडवं ठेवून पाय फूटभर उचला. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: काय करताना झालं, किती वेळ टिकलं, गरगरलं की अंधारी आली. चकरेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, चालताच येईना, किंवा श्रम करताना अथवा छातीत दुखून शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा.