दाखवायची स्लाइड वेगळी, वाचायचं टिपण वेगळं

"तुमची पीपीटी आधीच पाठवून ठेवा, ज्यांना यायला जमणार नाही ते वाचून घेतील." बैठक ठरली की हे वाक्य येतंच, आणि सादरीकरण बिघडायला तिथूनच सुरुवात होते. कारण ते ऐकल्यावर माणूस एकच फाइल अशी करायला बसतो, की ती पडद्यावरही चालेल आणि घरी बसून वाचणाऱ्यालाही पुरेल. तशी फाइल होत नाही. होतं ते एवढंच, की ऐकणाऱ्यांना वाचत बसावं लागतं आणि वाचणाऱ्यांना अर्धवट कळतं.

या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. स्लाइड म्हणजे बोलणारा माणूस शेजारी उभा असताना पडद्यावर दिसणारी गोष्ट. टिपण म्हणजे बोलणारा हजर नसताना एकट्याने वाचायचा मजकूर. टिपण कसं लिहायचं हे तुम्हाला येतं. प्रकल्प अहवाल, शोधनिबंध, कार्यालयीन टिपणी यांतलं काहीतरी तुम्ही लिहिलेलंच असतं: पूर्ण वाक्यं, तक्ते, आकडा कुठून आला त्याची नोंद. त्यावर इथे जागा घालवत नाही.

वरवरचे फरकही लगेच उरकतो. स्लाइड आडवी, टिपण उभं. स्लाइडवर अक्षर मोठं, टिपणात नेहमीचं. स्लाइड किती असाव्यात यावर लोक तावातावाने वाद घालतात, पण त्या वादाला अर्थ नाही. वीस मिनिटांत चाळीस स्लाइड सुरेख चालू शकतात आणि चारसुद्धा जड होऊ शकतात.

खरा फरक हा, की वेग कुणाच्या हातात आहे. टिपण वाचणारा हवं तिथे थांबतो, मागचं पान उलटतो, न कळलेलं वाक्य पुन्हा वाचतो, कळलेलं सोडून देतो. सभागृहात बसलेल्याला यातलं काहीच करता येत नाही. पुढची स्लाइड कधी येणार हे बोलणारा ठरवतो. म्हणून टिपणात गुंतागुंत चालते आणि पडद्यावर चालत नाही. मजकूर तोच, वाचणाराही तितकाच हुशार, पण एकाला मागे वळता येतं आणि दुसऱ्याला येत नाही.

त्यात दुसरी अडचण मिसळते. वाचणं आणि ऐकणं ही दोन्ही भाषेचीच कामं आहेत आणि माणूस ती एका वेळी नीट करू शकत नाही. पडद्यावर आठ ओळी दिसल्या की डोळे त्या वाचायला लागतात. तेवढा वेळ तुमचं बोलणं कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. मनातल्या मनात वाचणं बोलण्यापेक्षा वेगाने होतं, त्यामुळे तुम्ही तिसऱ्या ओळीवर असता तेव्हा श्रोता आठवी संपवून मोबाइल काढतो. शिक्षणमानसशास्त्रातले अमेरिकन संशोधक रिचर्ड मायर यांनी हे प्रयोगांतून दाखवलं आहे. चित्र आणि त्यावरचं बोलणं एवढंच मिळालेल्यांना विषय जास्त समजतो. चित्र, बोलणं आणि तेच बोलणं पुन्हा पडद्यावर शब्दशः लिहिलेलं, असं तिन्ही मिळालेल्यांना कमी. याला अपवाद आहेत आणि ते आपल्या कामाचे आहेत: विषयातली अनोळखी संज्ञा, किंवा श्रोत्यांची सवयीची नसलेली भाषा. मराठीत बोलताना एखादी इंग्रजी तांत्रिक संज्ञा आली, तर ती पडद्यावर जरूर लिहा. संज्ञा लिहा, परिच्छेद नको.

"म्हणजे स्लाइडवर मजकूर कमी ठेवायचा, एवढंच ना?" नाही. सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच. टिपणातली वाक्यं मोडून, क्रियापदं गाळून, पुढे ठिपके लावले की ती स्लाइड होत नाही. ते मोडकं टिपण होतं. पूर्ण वाक्यात 'म्हणून', 'तरीही', 'मात्र' असे शब्द असतात आणि युक्तिवाद त्या शब्दांत असतो. ठिपक्यांच्या यादीत तेच आधी गळतात. मग वाचणाऱ्याला कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळत नाही, आणि ऐकणाऱ्यासमोर शब्दांचा ढीग तसाच उरतो.

हे किती महागात पडू शकतं याची नोंद नासाच्या इतिहासात आहे. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया यान उडालं. साधारण 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी संभाव्य नुकसानीचा अभ्यास केला आणि तो स्लाइडच्या रूपात मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा असा होता, की चाचण्यांवरून काढलेला अंदाज सुरक्षित बाजूलाच झुकलेला आहे असं वाचणाऱ्याला वाटावं. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात खरी बातमी: आधीच्या चाचण्यांत आदळवलेला फोमचा तुकडा 3 घनइंचांचा, आणि इथे हिशेब 1,920 घनइंचांचा. म्हणजे 640 पट. ज्या चाचण्यांच्या भरवशावर मथळा उभा होता, त्या या प्रसंगाला लागूच पडत नव्हत्या.

1 फेब्रुवारीला परतताना यान टेक्ससच्या आकाशात तुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यान फोममुळे गेलं, स्लाइडमुळे नाही, हे स्पष्टच म्हणायला हवं. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. हा प्रश्न प्राणांवर बेतणारा आहे हे वरिष्ठ अधिकाऱ्याला ती वाचून कळलं नसेल तर त्यात नवल नाही, असं मंडळाने नोंदवलं, आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या नासाच्या सवयीवर बोट ठेवलं. अशा गोष्टीसाठी टिपण लागतं, कारण '3 विरुद्ध 1,920' हे पूर्ण वाक्यात लिहिताना 'म्हणून आमचा अंदाज इथे लागू होत नाही' हे पुढचं वाक्य टाळणं कठीण जातं.

ही सवय लागली कशी? पॉवरपॉइंट 1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी आलं, तेव्हा त्याचं मुख्य काम ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका, म्हणजे पडद्यावर दाखवायचे पारदर्शक कागद, छापून देणं हे होतं. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ते विकत घेतलं. पारदर्शिका कुणी वाचायला घरी नेत नसे. वाचायचा कागद वेगळा टाइप व्हायचा, वेगळा वाटला जायचा. फाइल ईमेलला जोडून पाठवता येऊ लागली आणि दोन्ही कामं एकीच्याच गळ्यात पडली. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट काढून टाकलं. त्याजागी जास्तीत जास्त सहा पानांचं टिपण आलं. बैठक सुरू झाली की सगळे आधी ते शांतपणे वाचतात आणि मग बोलतात. निर्णय घ्यायच्या बैठकीला हीच पद्धत योग्य, असं माझं ठाम मत आहे. स्लाइड समजावून सांगण्यासाठी, पटवण्यासाठी, दाखवण्यासाठी. मंजुरी मागायची असेल तर टिपण द्या.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, 2,400 वस्तीच्या गावात पाणीपुरवठा योजनेवर ग्रामसभेत बोलायचं आहे. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे दरडोई दररोज 55 लिटर, म्हणजे रोज 1,32,000 लिटर लागतात. विहिरीतून मिळतात समजा 90,000. टिपणात विहिरीची खोली, पंपाचे तास, विजेचं वेळापत्रक, गळती, वाड्यावस्त्यांनिहाय तक्ता, खर्चाचे दोन पर्याय हे सगळं येईल. पडद्यावर काय? दोन उभे पट्टे. एकावर 'लागतं 1,32,000', दुसऱ्यावर 'मिळतं 90,000'. बस. 42,000 ची तूट कुठल्या वस्तीला बसते, उन्हाळ्यात काय होतं, हे तोंडाने सांगा. त्यानंतर गावाचा नकाशा, त्यावर पाणी न पोचणारी वस्ती रंगवलेली. खर्चाचा तक्ता पडद्यावर आणू नका, तो छापून हातात द्या. "मागच्यांना दिसत नसेल, पण…" असं म्हणत तक्ता दाखवणं मला सहन होत नाही. दिसत नाही हे माहीत आहे, तर दाखवायचा कशाला?

शेवटची 'धन्यवाद' स्लाइडही काढून टाका. प्रश्नोत्तरांची पंधरा मिनिटं पडद्यावर गुलाबाचं फूल असतं आणि लोक विचारत असतात तुटीबद्दल. तिथे ते दोन पट्टे ठेवा. आणि मधे कुठे लोकांनी फक्त तुमच्याकडे पाहावं असं वाटलं, तर पॉवरपॉइंट चालू असताना बी हे बटण दाबा. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो.

मराठीतून स्लाइड करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. देवनागरीत वेलांट्या, रफार वर जातात, उकार खाली येतात. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ ठेवल्या तर ते एकमेकांत घुसतात, तेव्हा ओळींतलं अंतर वाढवा. आणि युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, हीच वापरा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं येतात. सभागृहातल्या संगणकाचा भरवसा नसेल तर पीडीएफ प्रतही सोबत ठेवा.

काम कुठल्या क्रमाने करायचं? आधी टिपण. दोन पानं, पूर्ण वाक्यांत. ते लिहिताना युक्तिवादातली भोकं दिसतात, आणि ती सभेत दिसण्यापेक्षा तिथे दिसलेली बरी. मग टिपण बाजूला ठेवून तोच विषय मोठ्याने बोलून बघा. बोलता बोलता जिथे हात हवेत आकृती काढायला लागतात, तिथे स्लाइड हवी. जिथे शब्दांनी भागतं तिथे नको. बोलायची वाक्यं विसरायची भीती असेल तर ती स्लाइडखालच्या नोट्समध्ये लिहा. ती तुमच्या पडद्यावर दिसतात, लोकांच्या नाही.

मग "पीपीटी पाठवा" असा निरोप आला, की टिपण पाठवा आणि सोबत लिहा: "वाचण्यासाठी हे टिपण. स्लाइड सभेत दाखवीन." कार्यालयाचा नियमच स्लाइड जमा करण्याचा असेल, तर नोट्ससकट पानं छापायची सोय पॉवरपॉइंटमध्ये आहे. वर स्लाइड, खाली तुमची पूर्ण वाक्यं. त्याची पीडीएफ करून द्या.